ऐकायची नोकरी

बारामतीच्या डॉक्टरांनी हेमवतीची प्रमाणपत्रं उलटसुलट करून पाहिली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही इथं नक्की करणार काय?"

"रुग्णांशी बोलणार. त्यांचं ऐकणार."

"ते आम्हीही करतोच की."

बाहेरच्या बाकड्यांवर जागा न उरल्यामुळं माणसं जिन्याच्या पायऱ्यांवर बसली होती. आत गेलेलं माणूस दोन मिनिटांत चिठ्ठी घेऊन बाहेर पडत होतं, हे हेमवती सकाळपासून पाहत होती. ती म्हणाली, "आपण दोन मिनिटं ऐकता. मी पाऊण तास ऐकीन."

डॉक्टर मोठ्यानं हसले. माणूस वाईट नव्हता. "पाऊण तास? अहो, मला दवाखान्याला कुलूप लावावं लागेल! असं करा, रिसेप्शनला बसा. तुम्हाला इंग्रजी येतं, फ्रेंच येतं. उद्यापासून या."

"आभारी आहे, डॉक्टर. पण मी त्याचं शिक्षण घेतलेलं नाही," असं म्हणून हेमवती उठली.

पंचाण्णव सालचा तो जुलै होता, आणि हा तिचा बारामतीतला तिसरा दवाखाना. पहिल्या ठिकाणी तिला 'वेड्यांची डॉक्टर' समजून येरवड्याचा पत्ता सांगितला होता. दुसऱ्या ठिकाणी, परदेशी बाईला ठेवलं तर पोलिसांचं लफडं होईल, म्हणून दारातूनच हात जोडले होते. एका शाळेनं इंग्रजी शिकवायला बोलावलं होतं. काम द्यायला सगळे तयार होते, फक्त तिचं काम सोडून.

हेमवती सक्काराम मॉरिशसची. तिच्या खापरपणज्याला उसाच्या मळ्यावर कामाला म्हणून कोकणातून जहाजात घालून नेलं होतं. त्याचं नाव सखाराम. तिकडच्या गोऱ्या कारकुनानं ते जसं ऐकलं तसं लिहिलं, आणि तेच घराण्याचं आडनाव होऊन बसलं. घरी क्रिओल बोलायचे, मराठी शाळेत शिकायचे, गणपतीला आरत्या म्हणायचे. हेमवती शिष्यवृत्ती मिळवून पुण्याला आली, मानसशास्त्रात एम.ए. झाली आणि समुपदेशनाचा वेगळा अभ्यासही तिनं पुरा केला. शेवटच्या वर्षी कॉलेजचं शिबिर इंदापूर तालुक्यात होतं. तिथं आरोग्य तपासणीला आलेल्या बायका छाती धडधडते म्हणत, डोकं जड होतं म्हणत, आणि सगळ्या तपासण्या करून झाल्यावर 'काही नाही' हे ऐकून मान खाली घालून घरी जात. त्या 'काही नाही'नं हेमवतीचा पिच्छा सोडला नाही. मायदेशी तिनं अर्ज केला, तेव्हा जागा निघाली की कळवू, असं उत्तर आलं. मग तिनं ठरवलं, काम इथंच शोधायचं. मात्र तिच्या राहण्याची मुदत सप्टेंबरअखेर संपत होती, आणि नेमणूक हातात असल्याशिवाय ती वाढणार नव्हती.

ती वडगाव निंबाळकरला दिपाली नावाच्या मैत्रिणीच्या घरी उतरली होती. दिपालीची आई विजयमालाकाकू धारा काढता काढता तिला म्हणाली, "पोरी, तुझी आय तिकडं वाट बघत आसंल. न्हाय मिळत तर न्हाय. जा की घरी."

"काकू, मी हात हलवत परत जाणार नाही," हेमवती म्हणाली.

"मंग इंदापूरला जाऊन ये. तितं ऊसवाल्या लोकांनी वर्गणी काढून दवाखाना बांधलाय. राजलक्ष्मी म्हणून डॉक्टरीण हाय. तोंडानं फटकळ हाय, पर माणूस खरं हाय."

दुसऱ्या दिवशी हेमवती एसटीनं इंदापूरला गेली. डॉ. राजलक्ष्मी पन्नाशीच्या, सुती साडीतल्या. त्यांनी प्रमाणपत्रांकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

"मला तुमची गरज आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या बायकांच्या अंगात दुखणं सापडत नाही. मी शक्तीच्या गोळ्या देते, सलाईन लावते. तेवढ्यावर चार दिवस बऱ्या राहतात, पाचव्या दिवशी परत येतात. पण तुम्ही बोलणार कशा त्यांच्याशी? थांबा."

त्यांनी बाहेरच्या एका बाईला हाक मारली. काष्टा नेसलेली, काटक, साठीची बाई आत आली. "ह्या तानूबाई. दर आठवड्याला येतात. विचारा काय विचारायचं ते."

हेमवतीनं खुर्ची जवळ ओढली, हात जोडले आणि मृदू आवाजात म्हणाली, "आपणांस कोणती चिंता सतावते का? आपल्या मनातील भावना निःसंकोचपणे व्यक्त कराव्यात."

तानूबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग डॉक्टरीणबाईंकडं वळून विचारलं, "ह्या बाय कीर्तन करत्यात व्हय?"

कोपऱ्यातली नर्स तोंडाला पदर लावून हसली. हेमवतीचे कान तापले. तानूबाई सलाईन लावून घ्यायला गेल्यावर राजलक्ष्मी म्हणाल्या, "डिग्री खरी आहे तुमची, पण मराठी पुस्तकातली आहे. माझ्या बायका तुमच्याजवळ मन मोकळं करायच्या नाहीत."

हे मात्र हेमवतीला पटलं. आतापर्यंत मिळालेले नकार तिच्या कामाला मिळाले होते. इथं पहिल्यांदाच कुणीतरी ते काम ओळखून तिची उणीव दाखवली होती.

"मराठी शिकता येईल," ती म्हणाली. "मला बाहेर बायकांच्यात बसू द्या. मी कुणाला काही विचारणार नाही, सल्ला देणार नाही. नुसती बसेन. महिन्याभरानं परत तपासा."

"पगार नाही मिळणार."

"महिनाभर नको. त्यानंतर मात्र घेईन."

राजलक्ष्मींनी पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं. "राहायला नर्सेसच्या खोलीत कॉट आहे," त्या म्हणाल्या.

हेमवती रोज सकाळी केसपेपरच्या खिडकीजवळच्या ओवरीत जाऊन बसू लागली. कुणाचं मूल सांभाळ, कुणाला पाणी आणून दे, कुणाचा केसपेपर वाचून दाखव, असं करता करता बायका तिला सरावल्या.

"बाय, तू कुठली म्हणायची?"

"मॉरिशसची."

"सोलापूरच्या पल्याडं का?"

"समुद्राच्या पलीकडं. आमच्याकडंही सगळा ऊसच आहे."

"मंग उसाला पाण्याची पाळी कवा येती तुमच्यात?"

"पाळी नसते. पाऊसच खूप पडतो."

"नशिबाची गं बाय तुमी!" म्हणत बायका सरकून तिला जागा देत.

त्या बोलत आणि ती ऐके. चिंता हा शब्द तिथं कुणीच वापरत नव्हतं. तिथं जिवाला घोर लागायचा, काळीज लकलक करायचं, डोस्कं भणभणायचं. कुणाच्या अंगातलं वारंच निघून गेलेलं असायचं. पुण्यात दोन वर्षं अभ्यासलेली लक्षणं हेमवतीला इथं नव्या नावांनी भेटत होती, आणि प्रत्येक नावात एकेका घराची हकीकत होती. कधी कधी तिला वाटे, आपण भलत्याच हट्टाला पेटलोय. मुदत संपत आलीये आणि आपण दुसऱ्यांची पोरं खेळवत बसलोय. पण सकाळ झाली की ती वेणी घालून पुन्हा ओवरीत हजर व्हायची.

तानूबाई दर गुरुवारी यायच्या. सून मनिषा त्यांना बसवून बाजारात जायची. महिना भरल्यावर एका गुरुवारी राजलक्ष्मींची परवानगी घेऊन हेमवती तानूबाईंच्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "तानूबाई, घोर कशाचा लागलाय?"

तानूबाईंनी आजूबाजूला पाहिलं. मग लुगड्याच्या काठाशी चाळा करत त्यांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मेंढरं इकली आमी," तानूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "दिवाळी झाल्यावर इकली. पाटाचं पानी आलं, समदीकडं ऊस झाला, चरायला रान ऱ्हायलं न्हाय. पोरगा म्हणला, आई, लई वनवास केला, आता घरात बस. सिमिटाचं घर बांधलं. चांगलंच केलं त्यानं. पर मी लग्न झाल्यापासनं दर साली मेंढरांमागं कोकणात गेल्याली बाय. रातीला वर छत दिसलं की जीव घाबरा हुतो. उरावर येतंय वाटतं. म्हातारं न्हाय काय बोलत, पोरगं न्हाय काय बोलत. आन् मी रडली तर म्हणत्याल, सुकात आली तर रडाया लागली! माजं कुणी मेलं न्हाय गं. मंग ह्ये आसं कशानं हुतंय?"

हेमवतीनं त्यांना रडू दिलं. डोळे पुसायला लावले नाहीत की देवावर भरवसा ठेवा म्हणाली नाही. हुंदका ओसरल्यावर ती म्हणाली, "एवढ्या वर्षांची सोबत गेली, तानूबाई. वाट गेली, वाटेवरच्या मैत्रिणी गेल्या. माणूस गेल्यावर दुःख होतं, तसंच हेही आहे. ह्यात वेडंबिडं काही नाही."

"मी येडी न्हाय?"

"न्हाय."

तो 'न्हाय' तिच्या तोंडून कसा निघाला, ते तिलाही कळलं नाही. तानूबाई त्या दिवशी सलाईन न लावता घरी गेल्या.

पुढच्या खेपेला हेमवतीनं विचारलं, "बिरदेवआबांना घेऊन याल का?"

बिरदेवआबा, तानूबाईंचे मालक, आले. तांबडा पटका मांडीवर काढून ठेवून गुमान बसले. तानूबाईंनी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी नवऱ्यासमोर. आबा ऐकत राहिले. मग जमिनीकडं बघत म्हणाले, "मला बी तसंच हुतंय. मेंढरं मीच इकली. मी कुठल्या तोंडानं सांगू?"

एका घरात, एका छताखाली दोघं वेगवेगळे जागे राहिले होते.

त्यानंतर दोघांनी आपली अंथरुणं अंगणात काढली. लोक काय म्हणतील, म्हणून राम, त्यांचा पोरगा, आधी कुरकुरला, मग त्यानंच छपराचा आडोसा करून दिला. संध्याकाळी दोघं भावकीतल्या एकाच्या मेंढवाड्यावर मेंढरं बघायला चालत जाऊ लागली. तानूबाईंची धडधड पुरती थांबली नाही. गुरुवारी त्या अजून येत होत्या, पण बोलायला. एकदा आक्काबाई नावाच्या शेजारणीला हाताला धरून घेऊन आल्या. "हिचं बी ऐक," त्यांनी हुकूम सोडला.

सप्टेंबरच्या मध्यावर राजलक्ष्मींनी तिला दवाखान्याच्या विश्वस्तांसमोर उभं केलं. अध्यक्ष हिंदुरावतात्या तालुक्यातले जुने बागायतदार. डॉक्टरीणबाईंचं सगळं म्हणणं ऐकून ते म्हणाले, "काम चांगलं आसंल, मी न्हाय म्हणत न्हाय. पर एक सांगा, परदेशी बाय कशाला? आमच्या पोरी शिकून घरात बसल्यात, त्यास्नी न्हाय नोकरी."

राजलक्ष्मी उत्तर द्यायला सरसावल्या. हेमवतीनं त्यांना थांबवलं.

"तात्या, प्रश्न रास्त आहे," ती म्हणाली. "हे काम शिकलेली तुमची पोरगी आज तालुक्यात असती, तर मी आलेच नसते. एक शब्द देते. ह्या तालुक्यातली एक मुलगी माझ्याबरोबर बसवा. मी तिला तयार करीन, पुण्याला परीक्षेला पाठवीन. ती उभी राहिली की माझी खुर्ची तिची. पण तोपर्यंत मी इथंच बसणार, आणि पगारावर बसणार. फुकट कामाला कोणी काम म्हणत नाही."

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बोलती बरी तू. कुणी शिकवलं आसं बोलाया?"

"तुमच्याच दवाखान्यातल्या बायकांनी."

खोलीत हशा झाला. एका वर्षाची नेमणूक मंजूर झाली. पगार नर्सपेक्षा थोडा कमीच होता. हेमवतीनं तो वाढवून मागितला, मिळाला नाही, तरी तिनं सही केली आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागेन म्हणून बजावलं.

मग पुण्याच्या खेपा सुरू झाल्या. पोलिसांचं परदेशी नागरिकांचं कार्यालय, तिथून दुसरं, तिथून पुन्हा पहिलं. एका साहेबानं नाव सक्काराम की सखाराम यावर अर्धा दिवस घालवला. दुसऱ्यानं विचारलं, इंदापुरात असं काय आहे? ती म्हणाली, "माझं काम आहे." मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात परवान्यावर वर्षभराच्या मुदतीचा शिक्का पडला. ती रस्त्यावर आली, उसाचा रस प्याली, आणि एकटीच हसत उभी राहिली.

दवाखान्यानं तिला चादरी ठेवायची खोली रिकामी करून दिली. भिंतींना चुना दिला, दोन खुर्च्या आणि एक पंखा आला. हिंदुरावतात्यांनी शिकायला पाठवलेली जयवंता नावाची बी.ए. झालेली मुलगी पहिल्याच दिवशी वही काढून बसली. हेमवतीनं तिला वही मिटायला लावली. "आधी नुसतं ऐक," ती म्हणाली.

दुपारच्या सुमारास दारात एक दणकट माणूस येऊन घुटमळला. कपड्यांना मासळीचा वास होता. भिगवणहून आलोय, म्हस्कू नाव, एवढं सांगून तो मागं वळून बघू लागला, कुणी ओळखीचं पाहत तर नाही ना म्हणून.

"बाय, ह्ये फकस्त बायकांसाठीच हाय का?"

"नाही," हेमवती म्हणाली आणि समोरची खुर्ची त्याच्याकडं सरकवली. "बसा. पाणी घेणार?"

म्हस्कू बसला. पाणी प्याला. मग बोलायला लागला.