उभी ट्यूब, आडवी ट्यूब

शनिवारी सकाळी दहापर्यंत रेडिओच्या मनोऱ्याखालच्या माळावर दीडशेएक माणसं जमली होती. कोणी कोकरू आणलं होतं, कोणी कुमिसनं, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधानं, भरलेली कातडी पिशवी, एका म्हातारीनं तर सुनेच्या अंगावरचा गरम कोट उतरवून आणला होता. प्रक्षेपण केंद्राच्या कुंपणापासून ऐंशी पावलांवर गावोगाव फिरणारे वैदू, तबीब ओरोझबाय, यांचा लोकरी नमद्याचा गोल तंबू होता. आत काळोख, आणि त्या काळोखात तबिबांच्या हातातली दिव्याची लांब ट्यूब पेटलेली. तिला तार नव्हती, बटण नव्हतं.

"वीज सरकारची, उजेड पूर्वजांचा," तबीब आवाज घुमवून सांगत. "सरकार पडलं, पूर्वज पडले का?"

लोक माना डोलवत. सरकार खरंच पडलं होतं. तीन वर्षांत पगार, औषधं, कोळसा सगळ्याचीच बोंब होती. तेव्हा फुकटचा उजेड कोणाला नको होता?

रोग्याची परीक्षा ठरलेली असे. त्यानं गुडघे टेकायचे, दोन्ही तळहात पसरायचे, आणि गरम नान घ्यावा तशी ट्यूब आडवी घ्यायची. ती विझे. "बघ, तुझ्या आत अंधार आहे," तबीब हळहळत. मग काही दिवस मंतरलेलं पाणी. शेवटी रोग्याला ताठ उभं करून ट्यूब काठीसारखी धरायला लावत. ती पेटे, आणि लोक ढसाढसा रडत.

कुंपणाच्या आत सायकालचं डोकं उठलं होतं. बावीस वर्षं ती या केंद्रावर तंत्रज्ञ होती. मनोऱ्याजवळ ट्यूब आपोआप पेटते, ही तिथली जुनी गंमत. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात घाबरवायला कामी येणारी. तिनं हे बाजारात सांगितलं, विहिरीवर सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं. लोक ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी रांगेत उभे राहत. केंद्रप्रमुखाला तिनं पाटी लावायची विनंती केली, तर तो म्हणाला, माळ आपला नाही, लोकांच्या श्रद्धेत नाक कशाला खुपसायचं?

दर बुधवारी सकाळी दुरुस्तीसाठी प्रक्षेपण बंद असे. आता तरी याचं पितळ उघडं पडेल, अशी तिला आशा होती. पण तबिबांनी पहिल्याच बुधवारी जाहीर केलं की आज पूर्वजांचा उपास आहे, आज उजेड मागायचा नाही. पुढच्या बुधवारपासून निम्मं गाव उपास करू लागलं. त्या दिवशी सायकाल घरी येऊन नुसती भांडी आपटत राहिली.

त्या शनिवारी मात्र रांगेत तिला गुलसारा दिसली. शाळेत स्वयंपाक करणारी ही तिची शेजारीण. मांडीवर नऊ वर्षांची आयपेरी, मान टाकलेली, ओठ सुकलेले. पोरीला चार वर्षांपासून मधुमेह होता, रोज इन्सुलिनची सुई लागत होती. सायकाल वाकली, तर पोरीच्या श्वासाला नासक्या सफरचंदाचा वास येत होता. साखर फार चढल्याची ती खूण.

"सुई दिलीस का हिला?"

"परवापासून बंद केलीय. सुईचंच विष साचलंय, म्हणाले. आज ट्यूब पेटली की सुटलो."

"गुलसारा, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेलं पाहिजे."

"एजे," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं गुलसारा म्हणाली, "तुला तुझी यंत्रं कळतात. लेक माझी आहे." गुलसाराचे डोळे सुजलेले होते. "ती औषधाची बाटली मिळवायला मी दर महिन्याला किती दारं पुजते, तुला माहीत आहे?"

सायकालला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. पण महिनाभर बोलून काय झालं होतं? ती वळली. केंद्राच्या जीपवाल्याला तंबूशी गाडी लावायला सांगितली, भंगारातून दोन्ही टोकं काळी पडलेली एक जळकी ट्यूब उचलली, आणि पोरीला कडेवर घेतलेल्या गुलसाराला हाताला धरून रांग मोडून आत शिरली.

"या एजे," तबीब गोड हसले. "मनात शंका असली की उजेड रुसतो बरं."

"रुसू दे," म्हणत सायकालनं ट्यूब उभी धरली. जळकी ट्यूब पेटली.

तंबूत कुजबुज झाली. तबिबांनी आपली ट्यूब काखेत मारली आणि हात उंचावले. "पाहिलंत? आपल्या तंबूची पुण्याई! मेलेली ट्यूबही जिवंत झाली." आणि लोकांनी पुन्हा माना डोलावल्या. सायकालनं दात आवळले.

तिनं पोरीला नमद्यावर टेकवलं आणि ट्यूब गुलसाराच्या हातात दिली. "तूच धर. उभी. आता हळूहळू आडवी कर."

ट्यूब कलली तसा उजेड मंदावला आणि विझला. "परत उभी कर." पेटली. गुलसारानं न सांगता ती पुन्हा आडवी केली. मग पुन्हा उभी.

"आता तबिबांची ट्यूब तबिबांच्याच तळहातांवर आडवी ठेवू," सायकाल म्हणाली. "त्यांच्या आत तर अंधार नसेल."

तबिबांनी हात पाठीमागे घेतले. तोक्तोसून नावाचा म्हातारा मेंढपाळ सात दिवस मंतरलेलं पाणी पीत होता. तो पुढे आला, तबिबांच्या काखेतली ट्यूब काढली आणि त्यांच्याच पोटापुढे आडवी धरली. ती विझली. कोपऱ्यात कोणीतरी फिसकन हसलं.

गुलसारा हसली नाही. ती पोरीला उचलून जीपकडे पळत सुटली होती.

उरलेल्यांना सायकालनं समजावलं. हा उंच मनोरा म्हणजेच रेडिओचा अँटेना. त्यात वीज सेकंदाला लाखो वेळा वर-खाली धावते. तिचा रेटा भोवतालच्या हवेत पसरतो, आणि वीज वर-खाली धावते म्हणून तो रेटाही उभाच असतो. ट्यूबमध्ये विरळ वायू असतो. ट्यूब उभी धरली की रेट्याला तिची सगळी लांबी मिळते, कण वेगानं धावून एकमेकांवर आदळतात आणि उजेड पडतो. आडवी धरली की त्याला दोन बोटांची जाडी मिळते, तेवढ्यानं काही होत नाही. जळक्या ट्यूबमध्ये टोकाची तार गेलेली असते, वायू शाबूत असतो. नमदा या रेट्याला अडवत नाही. मनोऱ्यापासून लांब गेलं की तो ओसरतो.

"खोटं वाटतं ना? चला रस्त्यापर्यंत."

उन्हात उजेड दिसेना, म्हणून वीसएक माणसं डोक्यावरून कोट घेऊन, पाळीपाळीनं ट्यूब पोटाशी उभी धरून माळावरून चालत गेली. दर शंभर पावलांवर ट्यूब फिकी होत गेली. रस्त्याला पोचेपर्यंत ती विझली होती.

आयपेरी आठ दिवस दवाखान्यात होती. वाचली. आणखी अर्धा दिवस गेला असता तर हाती काही उरलं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तबिबांनी दोन दिवसांत तंबू गुंडाळला. महिन्याभरात बातमी आली, की डोंगरापलीकडच्या गावात, विजेच्या उच्च दाबाच्या तारांखाली त्यांनी तो पुन्हा मांडला आहे, आणि तिथेही रांग आहे. तारांखालीही ट्यूब पेटते.

एकटी सायकाल कुठे कुठे पुरणार? ज्याच्या त्याच्या गावात कोणीतरी एवढं तरी करावं. चमत्कार करणाऱ्याच्या पाया पडण्याआधी म्हणावं, ती वस्तू माझ्या हातात द्या, आणि मला हवी तशी धरू द्या. तो नाही म्हणाला, तर आजाऱ्याला उचलून सरळ दवाखान्याची वाट धरावी.