पॉवर मीटरवरचा आकडा

कारखान्याचा हंगाम लागला की ढोकीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांशिवाय दुसरं काही मावत नाही. म्हणून राजनंदिनीची शर्यतीची सायकल थंडीभर पडवीतच, विजेवर चालणाऱ्या ट्रेनरच्या यंत्रावर चढवलेली. पोरगी जागच्या जागी घाम गाळायची आणि तिच्या पायातला जोर पॉवर मीटर मोबाईलवर दाखवायचं. तिच्या बापाला, रणधीरला, त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं.

एका सकाळी तो चहा पीत बसला होता. स्पीकरवर पोरीचे पुण्याचे सर म्हणाले, "पॉवर मीटरवरचा आकडा मला खरा वाटत नाही. फोटो काढून पाठव."

"पाठवते, सर."

रणधीरला जोरात ठसका लागला. मीटर, आकडा आणि वर फोटो! घरामागच्या खांबावर, विजेच्या तारेला त्यानं टाकलेला चोरीचा आकडा दिवाळीपासून लटकत होता. बांबू घेऊन तो पळाला आणि आकडा खाली पाडून मोकळा झाला.

पडवीतला पंखा थांबला. ट्रेनरचा ताण गेला, पायडल नुसतंच गरागरा फिरू लागलं.

"सर, आकडा गेला," राजनंदिनी म्हणाली.

"व्हय, म्याच काढला," रणधीर बाहेरून ओरडला. "सरांना म्हणावं, आता खुशाल फोटो काढा!"