डावे किती, उजवे किती

नीरजा रत्नागिरीतल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची आणि जोडीला पीएच.डी. करायची. विषय होता दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रतळाचा गाळ. तिच्या मार्गदर्शक बाई गोव्याला असत. त्या गाळाच्या डब्या एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ देत आणि नीरजा हमरस्त्यावरच्या हातखंब्याला जाऊन उतरवून घेई.

धुतलेल्या गाळात रव्याच्या कणाएवढे शंख उरत. त्यातल्या एका जातीचे शंख बर्फाळ पाण्यात डावीकडे वळतात, जरा कोमट पाण्यात उजवीकडे. कोणत्या थरात कोण जास्त ते मोजलं, की त्या काळचं पाणी कळतं.

२००१च्या मार्चात पेपर तपासणीचे गठ्ठे आले. तेव्हा तिचे वडील, निवृत्त चित्रकला शिक्षक देवदत्त, म्हणजे नाना, म्हणाले, "मोजायचंच ना? दे इकडे."

ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक शंख उचलून नाना तो भिंगाखाली काळ्या पत्र्यावर मांडत आणि डावा की उजवा ते वहीत लिहीत. एका थरातले तीनशे.

जूनमध्ये नीरजाने तक्ता केला आणि चक्रावलीच. हिमयुगातल्या जवळजवळ सगळ्या थरांत उजवे शंख, सगळ्यात वरच्या, आजच्या थरात डावे. म्हणजे हिमयुगात पाणी कोमट आणि आता बर्फाळ? आजचं पाणी तर जहाजावरून मोजलेलं होतं, ते इतकं गार नव्हतं. डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील म्हणून तिने गोव्याला फोन केला. चिठ्ठ्या बरोबर होत्या. मग तिला स्वतःचाच भरवसा वाटेना. नळ बंद करताना कुठल्या बाजूला फिरवायचा, यावर ती एकदा चक्क थबकली.

एका दुपारी ती नानांच्या शेजारी बसून बघत होती. नानांनी शंख ठेवला आणि ब्रशने अलगद पालथा केला.

"पालथा का केलात?"

"ह्या बाजूने चार गोल कप्पे दिसतात, मध्ये तोंड. सुबक वाटतं. पाठ नुसती चपटी."

"नाना, सगळेच असे ठेवलेत?"

"एकूण एक. का गो?"

नीरजाने कागदावर ठळक वळण काढलं आणि कागद उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. नानांनी बराच वेळ पाहिलं, मग चष्मा काढला.

"म्हणजे इतके दिवस मी डाव्याला उजवा लिहीत होतो?"

"हो. वळण पाठीकडून बघायचं असतं. पण सगळे सारखेच उलटे, म्हणून बरं. रकाने बदलले की झालं."

रकाने बदलले. सगळं जुळलं, फक्त नववा थर सोडून. ऐन हिमयुगात तिथे आता उजवे शंख जास्त निघाले. ते पाठीकडून पाहून नीरजाने पुन्हा मोजले, मग नानांनी वेगळे मोजले. तीनशेत दोनशे अकरा उजवे, दोघांचेही.

बाईंचं पत्र आलं: मधेच पाणी थोडा काळ तापलं असेल, किंवा तळातल्या किड्यांनी वरचा गाळ खाली ओढला असेल, आजूबाजूचे नमुने बघावे लागतील. पण तेवढा गाळ दुसऱ्यांनी आधीच वापरून संपवला होता.

दोन वर्षांनी प्रबंध गेला. नवव्या थरापुढे नीरजाने लिहिलं होतं, कारण समजले नाही. तोंडी परीक्षेत त्यावरच प्रश्न आला. तिने तेच उत्तर दिलं आणि पदवी मिळाली.

नानांना मात्र ते पटेना. "तू आता डॉक्टर झालीस. सांग की, तेव्हा पाणी गार होतं की कोमट?"

"खरंच माहीत नाही, नाना."

ती थट्टा करते आहे की काय, हे नानांना कळेना.