चुडा भरायच्या दिवशी

कामावर मशीनमध्ये पंजा चेमटला त्याला दोन वर्षं झाली. हाड जुळलं, जखम भरली, पण सहदेवचा उजवा हात जळायचा थांबला नाही. डॉक्टर म्हणाले, "एक्स-रे चांगला आहे, आता दुखायचं कारण नाही." त्या दिवसापासून सहदेवला साऱ्या जगाचा राग होता. जो तो हात धरायचा तो दाबून बघायला. बायकोने, वनमालाने, एकदा तेल लावायला हात घेतला, तर तो असा खेकसला की ती पुन्हा त्या हाताच्या वाटेला गेली नाही.

पुतणीचा लग्नचुडा भरायला घाटकोपरच्या त्यांच्या चाळीत जयंतीमावशी कासारीण आली. बायकांचं आटपलं. उजवा हात जपत दारात बसलेल्या सहदेवला ती म्हणाली, "आण रे तो हात इकडे." बांगडी चढवण्याआधी हात मऊ करायची तिची रीत होती. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत तळवा फिरवायचा, सावकाश, कुरवाळत. सहदेवने दात आवळले. कळ आली नाही. दुखणं होतंच, पण त्याच्या शेजारी काहीतरी उबदार येऊन बसलं. त्याचा खांदा सैल पडला.

"अरे वा!" थोरला भाऊ धोंडू व्याह्यांना घेऊन येत होता. "आमचा सहदेव बांगड्या भरतोय! हिरव्याच भर गं मावशी!"

सगळे हसले. सहदेवने हात हिसकावला आणि कळ पार दंडापर्यंत चढली.

"हस, दादा, हस! दोन वर्षांत या हाताला कोणी मायेने हात लावला? तू लावलास? कामावर कधी जातोस, एवढंच विचारलंस!"

"अरे, मस्करी केली..."

"मस्करी गेली खड्ड्यात!" त्याने हात पुन्हा मावशीपुढे टाकला. "मावशी, तू आत्ता निघून जाशील. हिला शिकव. वनमाला, ये इकडे!"

"सगळ्यांदेखत?" वनमालाने व्याह्यांकडे पाहत पदर ओढला.

"सगळ्यांदेखत!"

ती बसली. मावशीने तिची बोटं त्याच्या मनगटावर ठेवली. "दाबायचं नाही गं. मांजराच्या पाठीवरून हात फिरवतेस ना, तसं." वनमालाने बोटं जेमतेम टेकवली.

"घाबरतेस कशाला?" सहदेव ओरडला. "मी ओरडलो तरी सोडू नकोस!"

"ओरडताय की आत्ताच," ती म्हणाली, आणि तिने हात सोडला नाही.