लपणातला बार

माझ्या कुत्र्याला, बीजूला, बंदुकीच्या आवाजाची सवय मीच लावली. तो चार महिन्यांचा होता. त्याचं तोंड जेवणाच्या भांड्यात गेलं की माझा नवरा क्लोविस बंधाऱ्यापलीकडून टिकल्यांचं पिस्तूल उडवायचा, रोज दहा पावलं जवळ येऊन. महिन्याभरात पिल्लाचा कानही हलेना. मग कॅनव्हासच्या गुंडाळीला बदकाचे पंख बांधून ती पाण्यात फेकायची, आणि त्याचं नाव घेईपर्यंत त्याला जागचं हलू द्यायचं नाही. हे सगळं मला पापांनी शिकवलेलं. आमच्या दलदलीच्या मुलखात, कॅमेरनपासून लेक चार्ल्सपर्यंत, पाडलेली बदकं उचलून आणणारी कुत्री त्यांच्याइतकी कुणी तयार केली नव्हती.

त्या उन्हाळ्यात पापा गुंडाळी फेकायचे आणि त्यांचा हात तसाच वर राहायचा.

"पापा, आता त्याचं नाव घ्या."

"कुणाचं?"

मग ते नाव घ्यायचे बोचं, त्यांच्या जुन्या कुत्र्याचं. बो मरून अकरा वर्षं झाली होती. बीजू गोंधळून माझ्याकडे बघायचा. हळूहळू तो त्यांच्या बाजूला बसेनासाच झाला. ओढून बसवला तरी पोट घासत सरकायचा आणि माझ्या उजवीकडे येऊन थांबायचा.

सप्टेंबरात मला कॉफीच्या डब्यात काडतुसं सापडली. दोन दिवसांनी स्वयंपाकघराच्या दाराला टेकवलेली त्यांची बंदूक मी उघडून पाहिली. भरलेली होती.

"यंदा त्यांना शिकारीला नेऊ नकोस," क्लोविस म्हणाला.

"मग तूच सांग त्यांना."

"मी जावई आहे, ओडेट. मला घराबाहेर काढतील. तुला नुसत्या शिव्या बसतील."

शेवटी कुणीच सांगितलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी पापा, मी आणि बीजू लपणात, बदकांना दिसू नये म्हणून लव्हाळ्यानं झाकलेल्या आडोशात, बसलो. वारा नव्हता, धुकं पाण्याला चिकटून होतं. पापा त्या सकाळी इतके ताळ्यावर होते की माझीच मला लाज वाटली. तोंडानं साद घालून त्यांनी बदकं खाली उतरवली आणि एका बारात एक पाडलं.

"बघू तुझं पोरगं काय शिकलंय," ते म्हणाले.

बीजू थरथरत होता, पण बसून होता. मी नाव घेतलं आणि तो धुक्यात दिसेनासा झाला. बराच वेळ नुसतं पाणी कापल्याचा आवाज. मग त्याचं तपकिरी डोकं दिसलं. तोंडात बदक, सरळ आमच्याकडे येत होता.

पापांनी बंदूक खांद्याला लावली.

"पाण्यावर एक बसलंय. हलू नकोस."

"पापा, बीजू आहे तो."

"हळू बोल."

मी नळीला खालून हात मारला, तेवढ्यात बार झाला.

बहुतेक छरे वरून गेले. दोन कानाला लागले. बीजूनं किंचाळून बदक सोडलं आणि तो लव्हाळ्यात शिरला. छातीभर पाण्यात उतरून मी त्याला उचलून आणलं. पापा बंदूक बाकावर ठेवून उभे होते.

"कुणी मारलं त्याला?"

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

"माझ्या हातून झालं, पापा."

ते माझ्याकडे वळले. "कुत्रं पाण्यात असताना खाली बार काढायचा नाही. नऊ वर्षांची होतीस तेव्हा सांगितलं होतं."

"हो."

"तुझी बंदूक दे इकडे."

दोन्ही बंदुका त्यांनी स्वतः रिकाम्या केल्या. घरी येऊन सगळ्या बंदुका कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली क्लोविसच्या हातात दिली.

"हिला देऊ नकोस. हिचं आता डोकं ठिकाणावर नाही."

क्लोविसनं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच हो म्हटलं. त्यानं किल्ली खिशात टाकली.

रविवारी चर्चबाहेर पापा ज्याला त्याला सांगत होते की पोरीनं स्वतःचाच कुत्रा मारला असता. मी गाडीत बसून राहिले.

बीजूच्या कानाची जखम भरली. अजूनही पापा खोलीत आले की तो उठून मागच्या दाराशी जातो.

"बघ," पापा मला म्हणतात, "अजून घाबरतो तुला."