तक्रार: दगड

तक्रार खिडकीवर बसणाऱ्या ताईला लांबण लावलेली खपत नसे. जड माल वाहणाऱ्या दणकट पिकअप गाड्या बनवणाऱ्या कंपनीचं ते दुरुस्ती केंद्र, आणि येणारा प्रत्येक मालक गाडीआधी स्वतःचं चरित्र सांगायला बसायचा. गाडी कधी घेतली, शेजाऱ्याने तेव्हा कसं तोंड वाकडं केलं, बायको काय म्हणाली. ताई सगळं ऐकून घ्यायची आणि फॉर्मवरच्या ‘तक्रार’ नावाच्या चौकोनात एक शब्द लिहायची. आवाज. गळती. धूर. चौकोन होताच मुळी एवढासा. तिच्या आधीचा कारकून त्यात कादंबऱ्या कोंबायला जायचा आणि मुख्य कचेरीतून फॉर्म परत यायचे. ताईचा एकही फॉर्म कधी परत आला नव्हता. याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

त्या दिवशी अकराच्या सुमारास रोपवाटिकेच्या मालकीणबाई आल्या आणि त्यांनी हातातला कागद खिडकीतून आत जवळजवळ फेकलाच.

“हे काय लिहून दिलंय? ‘दगड काढला, गाडी योग्य.’ कुठला दगड? कुणाचा दगड?”

ताईने शांतपणे मागच्या महिन्यातली प्रत काढली. तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: ब्रेक, दगड.

“तुम्हीच सांगितलं होतंत.”

“अहो, मी म्हटलं ब्रेक दगड होतो! मधूनच पेडल कडक होतं, दगडासारखं. पाय खाली जातच नाही. काल दोन्ही पायांनी त्याच्यावर उभी राहिले, तेव्हा कुठे गाडी थांबली, तीही कुंपणात घुसून. ब्रेकमध्ये दगड अडकलाय असं मी कशाला म्हणेन? मी काय खुळी आहे?”

ताई काहीतरी उत्तर देणार होती. तिची उत्तरं तयार असत. पण तिचा हात आपोआप नोंदवहीकडे गेला आणि ती पानं उलटू लागली. दगड. दगड. आणखी खाली, दगड. चार महिन्यांत एक्केचाळीस वेळा. येणारा प्रत्येक जण हाच शब्द वापरत होता, कारण पायाला लागत होतं ते तसंच लागत होतं. आणि तिकडे लांबच्या शहरात, मुख्य कचेरीत, खुर्चीतून न उठणाऱ्या कुणा शहाण्याने ‘दगड’ वाचून प्रत्येक फॉर्म ‘रस्त्यावरचा खडा अडकणे’ या रकान्यात सारला होता. दोष रस्त्याचा. गाडी योग्य. प्रत्येक दाखल्याखाली सही ताईची.

एक्केचाळिसावी नोंद तिच्या धाकट्या भावाची होती.

त्याला घरात बारक्या म्हणत. आता तो दारातून आडवा होऊन आत येण्याइतका रुंद झाला होता, तरी बारक्याच. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला. ही गाडी त्याने घेतली तीही तिच्या शब्दावर. “मी तिथेच बसते, मला ठाऊक आहे, डोळे मिटून घे,” असं तिने सांगितलं होतं. मागच्या आठवड्यात तो खिडकीशी येऊन म्हणाला होता, “ताई, ब्रेक दगड होतो गं कधीकधी.” तिने लिहून घेतलं होतं. परवा त्याला दाखला देताना वर हसून म्हणाली होती, “काढला हो तुझा दगड.”

आज तो डोंगरावरच्या शाळेची जुनी लोखंडी बाकं भरून खाली आणणार होता.

ताई वही तशीच उघडी टाकून मागच्या शेडमध्ये धावली. मोठे मिस्त्री एका चाकापाशी उकिडवे बसले होते.

“मिस्त्री, तुम्ही खरंच दगड काढलेत का हो त्या गाड्यांमधून?”

मिस्त्रींनी हात पुसले. “वरून कागद आला, दगड शोधा. शोधले. एकही सापडला नाही. पण फॉर्मवर ‘सापडला नाही’ असा रकानाच नाही. मग ‘काढला’वर खूण केली.”

“आणि ब्रेक दगड होतो म्हणजे काय होतं?”

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “असं म्हणत होते ते? मग दगडाचा काय संबंध! पेडलला जोर पुरवणारा पंप असतो, तो मधूनच दम सोडत असणार. पंप गेला की सगळा भार नुसत्या पायावर. रिकामी गाडी सपाटीवर थांबवता येते कशीबशी.”

“आणि भरलेली? उतारावर?”

मिस्त्री उठून उभे राहिले.

तिने बारक्याला फोन लावला. घंटी वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, ही शपथ तिनेच त्याला घातली होती आणि आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्याने इमानाने पाळली होती. “उचल रे मेल्या, उचल,” ती भर शेडमध्ये ओरडली. मग तिने भावजयीला फोन केला.

“ते ना? निघाले की ताई वरून, वीसेक मिनिटं झाली असतील,” भावजय म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली. “जेवायला येतो म्हणालेत. काही काम होतं का?”

“नाही गं, सहज.” एवढं बोलून ताईने फोन ठेवला.

साहेब त्यांच्या काचेच्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन बंद केलं. “हे आधी मुख्य कचेरीला कळवायला हवं. आपल्याच तोंडाने आपण कशाला बभ्रा करायचा?”

“तुमचा भाऊ असता गाडीत तर पेन बंद करत बसला असतात का?” ताई म्हणाली. चौदा वर्षांत ती साहेबांपुढे आवाज चढवून बोलली नव्हती. उत्तर ऐकायला ती थांबलीही नाही.

घाटाच्या मध्यावर वजनकाटा होता. भरलेली प्रत्येक गाडी तिथे थांबून वजन करूनच पुढे जायची. मिस्त्रींनी शेडच्या भिंतीवर खडूने लिहिलेल्या आकड्यांमधून काट्याचा नंबर शोधून दिला. तिकडून फोन उचलणारा माणूस कमालीचा निवांत होता.

“गाडी नंबर सांगा.” तिने सांगितला. “हळू सांगा, लिहितोय.” तिने पुन्हा सांगितला. “अडवायची? कारण काय लिहू?”

“ब्रेक.”

“ब्रेकचं काय?”

साऱ्या जगाच्या तक्रारी एका शब्दात बसवणाऱ्या ताईला शब्द सुचेना. “ते दगड... नाही, दगड नाही हो! दगड नका लिहू! पेडल दाबलं जात नाही. गाडी थांबणार नाही. माझा भाऊ आहे त्यात. तुमच्या पाया पडते, त्याला खाली जाऊ देऊ नका.”

“बघतो,” काटेवाला म्हणाला आणि त्याने फोन टेबलावर ठेवला.

ताई खिडकीवरचा रिसीव्हर कानाशी गच्च दाबून उभी राहिली. जीव नुसता टांगणीला लागला होता. तिकडचे इंजिनांचे आवाज, हॉर्न, कुणाचं तरी खोकणं, सगळं कानात येत होतं. रोपवाटिकेच्या बाई कागद विसरून तिच्या शेजारी येऊन थांबल्या होत्या. असा किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग लांबून एक ओळखीचा, रांगडा आवाज आला आणि ताईने डोळे मिटले.

“अहो, गाडी चांगली आहे! हा बघा दाखला. माझी बहीणच आहे कंपनीत, तिची सही आहे. तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? सोडा, मागे रांग लागलीय.”

“नको! अरे नको!” ताई रिसीव्हरमध्ये ओरडली. टेबलावर पडलेल्या फोनला ते काय ऐकू जाणार? हॉर्न वाढले. कुणीतरी शिवी हासडली. एक जड गाडी गुरगुरत गेली, मग आणखी एक. ताईने टेबलाची कड घट्ट धरली.

मग फोन कुणीतरी उचलला.

“काय गं ताई? एवढं काय आभाळ कोसळलंय?”

“तू गाडीतून उतरलास ना? खाली उभा आहेस ना?”

“उतरलोय. चावीच काढून घेतली या बाबाने. झालंय काय?”

तिने सांगितलं. दगड, रकाना, पंप, सगळं एका दमात.

“सकाळपासून दोनदा झालं तसं,” बारक्या हळूच म्हणाला. “पण तू म्हणालीस ना काढलाय म्हणून. मला वाटलं, माझाच पाय दमला असेल.”

ताईला रडू फुटलं. ती सगळ्यांसमोर हुंदके देत रडली आणि रडतारडता हसली. रोपवाटिकेच्या बाई तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. शेडच्या दारातून मिस्त्रींनी मान हलवून विचारलं, तिने मान डोलावली. आपला बारक्या दोन पायांवर उभा आहे, आपल्याशी बोलतोय, यापलीकडे तिला काहीही नको होतं.

“पण ताई,” बारक्या म्हणाला, “मग माझ्या मागच्याला का जाऊ दिलं यांनी? माझ्यासारखीच पांढरी गाडी. मागच्या फळीवर तुमच्याच केंद्राचं नाव. सिमेंटची पोती होती गच्च, आणि पुढे तिघंजण बसलेले. मी हुज्जत घालत होतो तेवढ्यात त्याचं वजन झालं आणि तो गेला खाली.”

पाठीवरचा हात फिरतच होता. ताईने तो बाजूला केला.

“फोन दे. त्या काटेवाल्याला दे फोन!”

“बोला ताई.”

“तुमच्या पुढून आत्ता गेली ती गाडी! पांढरी, सिमेंटची! तिचा नंबर काय?”

“काय की,” काटेवाला म्हणाला. “तुम्ही सांगितलेला नव्हता, म्हणून सोडली.”