लोंढे सरांची दोन अक्षरं

सिद्धेश्वरीनं कीबोर्ड लोंढे सरांच्या पोटावर ठेवला. तो घसरला, म्हणून खाली उशी सरकवून तिनं तो पुन्हा ठेवला आणि सरांचा डावा हात उचलून कळांवर आणून सोडला. हाताला वजनच राहिलं नव्हतं. मनगटाची हाडं तिच्या बोटांना लागली.

"बघ बाई उमटतंय का काही," पायथ्याशी उभ्या असलेल्या सरांच्या पत्नी सालोमीकाकू म्हणाल्या. "चादरीवर तर सारखी बोटं चालतात. टाईप केल्यासारखी."

लॅपटॉप स्टुलावर होता. पडद्यावरची अक्षरं तिनं पेरूएवढी मोठी केली होती. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. आधी ग्रीक. लॅपटॉपमधल्या यादीत ग्रीकचे दोन कीबोर्ड, म्हणजे कळांच्या दोन मांडण्या होत्या, त्यातला जुन्या लिखाणाचा, एकेका स्वरावर दोन-दोन तीन-तीन खुणा चढवणारा तिनं हुडकून काढला. मग हिब्रू. त्यासाठी जो पहिला दिसला तोच तिनं घेतला. अक्षरं उजवीकडून डावीकडे जायला लागली, तेव्हा तिला वाटलं, जमलं.

दोन्ही भाषांतलं एक अक्षरही तिला वाचता येत नव्हतं. ती नवी पेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायची. सरांची आणि तिची ओळख तेवीस वर्षांपूर्वीची. सात रस्त्याजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये एकोणीस वर्षांची सिद्धेश्वरी आणि छप्पन वर्षांचे लोंढे सर एकाच बाकावर बसत. चर्चमध्ये पाळक होऊ घातलेल्या मुलांना सर हिब्रू आणि ग्रीक शिकवत, आणि त्यांच्या टिपणांना छापखान्यात खिळे मिळत नव्हते, म्हणून ते कॉम्प्युटर शिकायला आले होते. पुढं कुणीही घरी आलं की तिच्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "ही माझी वर्गमैत्रीण."

आठ महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मराठीही गेली असावी, कारण बोलणाऱ्याकडं ते परमुलखात चुकलेल्या माणसासारखे बघत. पाणी हवं का म्हटलं तरी डोळे मिटायचे, पाणी नको का म्हटलं तरी मिटायचे. नाकातून नळी होती. काकू दिवसातून सहा वेळा तिच्यातून पातळ खाणं घालत. त्या सरकारी दवाखान्यात छत्तीस वर्षं नर्स होत्या. त्यांचा हात कधी चुकला नाही.

सिद्धेश्वरीनं आधी ग्रीकची एक ओळ दाखवली. सरांची नजर पंख्यावर होती. मग तिनं हिब्रू लावलं आणि एक अक्षर उमटवलं. ते पडद्याच्या उजव्या काठाला जाऊन उभं राहिलं.

सरांचे डोळे पंख्यावरून उतरले आणि उजव्या काठावर जाऊन थांबले.

"काकू," ती हळूच म्हणाली.

डावी तर्जनी वरच्या रांगेत गेली, एक कळ दाबली. खालच्या रांगेत आली, दुसरी दाबली. अंगठ्यानं जागा सोडली. पुन्हा तीच कळ, पुन्हा ती दुसरी. तीन वेळा लिहून बोट थांबलं.

काकूंनी फोटो काढून पुण्याला शमुवेलला पाठवला. शमुवेल सरांचा विद्यार्थी, आता तिकडं हेच विषय शिकवायचा. दहा मिनिटांत त्याचा फोन आला. काकूंनी स्पीकर लावला.

"बाई, हा 'रोन' आहे. म्हणजे हर्षाचा गजर, आनंदानं गाणं!" त्याचा आवाज कापत होता. "शेवटचं अक्षर खरं तर जरा वेगळं हवं. शब्दाच्या शेवटी ते खाली लांब ओढतात. सर आमचे मार्क कापायचे त्याला. पण या अवस्थेत ते कोण बघतंय?"

काकू पलंगाच्या कडेवर बसल्या. पदर तोंडावर धरून त्या कितीतरी वेळ तशाच राहिल्या. सिद्धेश्वरीनं त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून ती वायरी गुंडाळत बसली.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पाच वाजता चर्चच्या मंडळीतल्या बायका पेटी घेऊन येऊ लागल्या. खोली लहान, आठ-दहा जणी दाटीवाटीनं उभ्या राहून गायच्या. गाणं सुरू झालं की सरांचं बोट कळांवर जायचं आणि तीच दोन अक्षरं पडद्यावर भराभर उमटायची. एक ओळ, दोन ओळी, पानभर. बायका एकमेकींना खुणावायच्या, डोळे पुसायच्या आणि आणखी मोठ्यानं गायच्या.

डॉक्टर दोन महिन्यांपासून सांगत होते, नाकातली नळी किती दिवस ठेवणार, पोटाला भोक पाडून थेट जठरात नळी बसवू. काकू टाळत होत्या. "अजून किती टोचायचं या देहाला," असं सिद्धेश्वरीपाशी एकदा म्हणाल्या होत्या. त्या आठवड्यात त्यांनी होकार दिला. मंगळवारी सकाळी नऊला गाडी येणार होती.

"मीच हाय खाल्ली होती," त्या म्हणाल्या. "ते आनंदात आहेत आणि मी मरणाच्या गोष्टी करत होते."

काकूंची आणखी एक इच्छा होती. सरांची जुनी टिपणं पडद्यावर आणून त्यांना दाखवायची. जुना कॉम्प्युटर सर दवाखान्यात असताना बंद पडला होता. सिद्धेश्वरीनंच तो भंगारात दिला होता. आतली डिस्क तेवढी काढून घेतली होती. सोमवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तिनं ती जोडली.

सर शिस्तीचे. दरवर्षीच्या टिपणांचं वेगळं कपाट केल्यासारखं सगळं लावलेलं होतं. पहिल्याच कप्प्यात विद्यार्थ्यांसाठी एक पान होतं, मराठीत: 'हिब्रू टंकलेखन कसे करावे. कॉम्प्युटरमध्ये आयता मिळणारा कीबोर्ड घेऊ नये, तो इस्रायलातील लोकांसाठी आहे. आपण प्रत्येक अक्षर त्याच्या उच्चाराच्या इंग्रजी कळीवर बसवले आहे.' खाली तक्ता होता. बेथ, बी. नून, एन. रेश, आर.

तिनं तक्ता दोनदा वाचला. मग आपल्या कीबोर्डकडं बघितलं आणि डावी तर्जनी वर नेली, खाली आणली. सरांचं बोट तिच्या डोळ्यांपुढं होतं. वरच्या रांगेत आर. खालच्या रांगेत बी.

तिनं लावून दिलेल्या कीबोर्डवर आर दाबलं की रेशच उमटत होतं. बी दाबलं की नून.

डिस्कवरच सरांनी बनवलेल्या कीबोर्डची फाईल होती. तिनं ती दुकानातल्या कॉम्प्युटरवर चढवली आणि त्याच दोन कळा दाबल्या. पहिलं अक्षर तेच आलं. दुसरं वेगळं होतं, खाली सपाट पाट असलेलं. तिनं ते पुसून पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

शमुवेलला तिनं नुसतं लिहिलं, 'असा शब्द असतो का?'

उत्तर लगेच आलं. 'असतो की. रव. शेवटचा बेथ 'व'सारखा म्हणतात. म्हणजे खूप, पुष्कळ. थोर असाही अर्थ होतो. आणि कुठं कुठं, पुरे. कुठं सापडला तुम्हाला?'

तिनं फोन उपडा ठेवला. एक माणूस चार्जर बदलून घ्यायला आला, त्याला तिनं चुकीचा चार्जर दिला, तो परत आला, तिनं बदलून दिला. मग शटर ओढून ती निघाली. सांगावं की नाही, हे सरांचं घर येईपर्यंत तिचं ठरलं नाही. आपण चूक केली एवढंच रस्ताभर डोक्यात होतं. ती बरोबर केल्याशिवाय सरांपुढं बसता येणार नव्हतं.

चारच्या सुमाराला ती पोचली. दाराशी दवाखान्याची पिशवी भरून ठेवलेली होती, वर सरांचा टॉवेल आणि कागदांची फाईल. काकू स्वयंपाकघरात मिक्सर लावून बसल्या होत्या.

"आलीस होय? बस त्यांच्यापाशी. मी यांचं खाणं करून आणते," त्या आतूनच म्हणाल्या.

तिनं लॅपटॉप उघडला. सरांचा कीबोर्ड चढवायला पाच मिनिटं लागली. पान कोरं केलं, उशी सरकवली, त्यांचा हात कळांवर ठेवला.

"सर, चुकलं माझं," ती म्हणाली. कळत नसलं तरी म्हणाली. "आता लिहा."

बोट वर गेलं, खाली आलं. उजव्या काठाला दोन अक्षरं उमटली.

सरांनी पडद्याकडं बघितलं. बघतच राहिले. मग नजर तिच्याकडं वळली आणि तिच्या चेहऱ्यावर थांबली. परमुलखातल्या माणसाची ती नजर नव्हती. हात कीबोर्डवरून आपोआप सुटला आणि चादरीवर पडला. तो नुसता पडला होता, बोटं हलत नव्हती. त्यांनी डोळे मिटले.

काकू हातात पातेली आणि मोठी सिरिंज घेऊन आल्या. सवयीनं त्यांनी आधी पडद्याकडं पाहिलं. पातेली हातातच राहिली.

"हे दुसरं अक्षर वेगळं आहे की गं."

"व्हय, काकू."

"आज वेगळं लिहिलं?"

"आज न्हाय वेगळं." सिद्धेश्वरीनं कीबोर्ड मांडीवर घेतला. "पहिल्या दिवसापासून हेच लिहीत होते. कीबोर्ड मी चुकीचा लावला होता. आनंदबिनंद काही नव्हतं. चूक माझी हाय."

काकू पडद्याकडंच बघत होत्या.

"शमुवेल म्हणाला, याचे तीन अर्थ होतात," ती घाईघाईनं म्हणाली. "खूप, असा होतो. थोर, असा होतो."

"आणि तिसरा?"

"पुरे."

काकूंनी पातेली टेबलावर ठेवली. सिरिंज तिच्या शेजारी ठेवली. मग पलंगापाशी वाकून त्यांनी सरांच्या दंडाला हात लावला.

"अहो. काय लिहिलंत? खूप काय? खूप दुखतंय? का खूप..." त्या थांबल्या. सरांचे डोळे मिटलेलेच होते. श्वास संथ चालला होता, नळीच्या कडेनं बारीक आवाज येत होता.

"पुन्हा लिहायला लावू का?" सिद्धेश्वरीनं विचारलं.

"नको." काकू सरळ झाल्या. "छत्तीस वर्षं वॉर्डात काढली मी. हा शब्द मला कुणी शिकवायला नको. मराठीतून ऐकलाय, तेलुगूतून ऐकलाय. अक्कलकोटकडची म्हातारी माणसं तुमच्या कानडीत म्हणायची, साकु, साकु. डॉक्टर विचारायचे, सिस्टर, काय म्हणतोय पेशंट? मी म्हणायची, काही नाही, पाणी मागतोय."

सिद्धेश्वरीनं खाली मान घातली. साकु. तिच्या आईनं ताटावर हात आडवा धरून म्हटलेला शब्द. तो तिला या खोलीत ऐकायचा नव्हता.

"मी न्हाय सांगायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

"आणि मग काय केलं असतंस? त्यांच्यापुढं रोज गाणी म्हणून घेतली असतीस?"

बाहेर फाटक वाजलं. पाच वाजत आले होते. पेटीचं खोकं पायरीला टेकल्याचा आवाज आला, कुणीतरी हसलं. काकू दाराकडं गेल्या. त्यांचा आवाज आत ऐकू येत होता, रोजच्यासारखाच, वॉर्डातला.

"आज नको गं. दमलेत ते. उद्याही नको. मी सांगीन."

"पण काकू, उद्या तर दवाखान्यात..."

"सांगीन म्हटलं ना."

फाटक पुन्हा वाजलं. काकू परत येताना दाराशी जरा थांबल्या. पिशवीतला वरचा टॉवेल उचलून त्यांनी खांद्यावर टाकला. पातेलीवर ताटली झाकली. मग सिद्धेश्वरीशेजारी पलंगाच्या कडेवर बसल्या.

"गाडीवाल्याला आता फोन करते, उद्या नको म्हणून. डॉक्टरला सकाळी मी जाऊन सांगीन," त्या म्हणाल्या. "माझंच काम आहे ते." त्यांनी सरांच्या अंगावरची चादर सारखी केली. "सिद्धा, पन्नास वर्षं संसार केला. रोज पहाटे उठून ही भाषा घोकायचे. मी म्हणायची, मेलेली भाषा ती, तिच्यात कोण उत्तर देणार तुम्हाला."

सिद्धेश्वरीनं लॅपटॉप जवळ ओढला.

"शमुवेलला विचार जरा. 'बरं' याला काय म्हणतात?"

"बरं?"

"आपण म्हणतो की, कुणी काही सांगितलं तर. बरं."

तिनं विचारलं. उत्तर यायला या वेळी बराच वेळ लागला. शमुवेलला काही उमगलं असावं, कारण त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. नुसती तीन अक्षरं पाठवली.

सिद्धेश्वरीनं सोबत आणलेला तक्ता बघून कळा दाखवल्या. काकूंनी चष्मा वर ढकलला आणि एका बोटानं, नाडी मोजावी तशा बेतानं, एकेक कळ दाबली. अक्षरं सरांच्या दोन अक्षरांच्या खाली, उजव्या काठापासून उमटली.

"अहो," लॅपटॉप सरांच्या बाजूला वळवत काकू म्हणाल्या. "जरा बघा की."